गॅस गिझरची घरगुती दुरुस्ती : कुठपर्यंत हात घालायचा आणि कुठे थांबायचं



मागच्या व्हिडिओत आपण टेबलावर एक गॅस गिझर उघडून ठेवला होता आणि आतला एकेक पार्ट पाहिला होता. व्हिडिओत हात भराभर चालतात, त्यामुळे काही गोष्टी निसटतात. म्हणून तोच विषय इथे निवांत लिहून काढतोय. मोबाईल शेजारी ठेवून वाचत वाचत काम करता आलं पाहिजे, एवढाच हेतू.

हा लेख वाचणारे दोन प्रकारचे असतील. एकाला घरचा बंद पडलेला गिझर आज संध्याकाळपर्यंत चालू करायचाय. दुसऱ्याला वाटतंय की थंडीत एवढे गिझर बंद पडतात, तर यातून आपला छोटा सर्व्हिसिंगचा व्यवसाय उभा राहील का? पहिला भाग दोघांसाठी सारखाच आहे. कारण ज्याला स्वतःच्या घरचा गिझर नीट समजत नाही, त्याने दुसऱ्याच्या घरचा उघडू नये.

आधी हा डबा चालतो कसा ते समजून घ्या

आपण बोलतोय तो साधा इन्स्टंट गॅस गिझर. भिंतीवर टांगलेला, खाली दोन मोठे सेल, सिलिंडरवर चालणारा. त्याच्यात पाण्याची टाकी नसते. नळ सोडला की पेटतो, बंद केला की विझतो.

नळ सोडल्यावर पाणी आधी एका व्हॉल्व्हमध्ये येतं. तिथे एक रबराची चकती आहे, तिला डायफ्राम म्हणतात. पाण्याच्या दाबाने चकती फुगते, एक पिन पुढे ढकलते आणि पिन एक छोटा स्विच दाबते. स्विच दाबला गेला की सेलवर चालणारा इग्निशन बॉक्स जागा होतो. तो एकीकडे टिक-टिक ठिणगी पाडतो आणि दुसरीकडे सोलेनॉइड नावाचा विजेचा व्हॉल्व्ह उघडून गॅस सोडतो. बर्नर पेटतो. ज्योतीत एक बारीक कांडी उभी असते, ती म्हणजे सेन्सर. ज्योत आहे असं सेन्सरने सांगितलं तरच गॅस चालू राहतो, नाहीतर काही सेकंदांत बॉक्स गॅस बंद करतो. वर तांब्याची कॉईल, तिला पातळ पातळ पंख. कॉईलमधून जाता जाता पाणी तापतं.

म्हणजे साखळी अशी : पाणी, चकती, पिन, स्विच, सेल, ठिणगी, गॅस, ज्योत, सेन्सर. ही साखळी पाठ करा. बिघाड कोणताही असो, त्यातली एक कडी तुटलेली असते, आणि नेमकी कोणती ते गिझर आवाजाने सांगतो.

आता एक रेघ आखून घेऊ. पाण्याची बाजू आणि सेलची बाजू तुम्ही घरी हाताळू शकता. गॅसची बाजू, म्हणजे रेग्युलेटर, गॅस व्हॉल्व्ह, सोलेनॉइड, बर्नरची नोझल, हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. यूट्यूब बघून शिकलेल्याचं नाही. माझं चॅनल बघून शिकलेल्याचंही नाही. आणि चौथी एक बाजू आहे, हवेची. तिच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. तिच्यावर पुढे बराच वेळ थांबणार आहे.

कामाला लागण्याआधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, गिझरचे सेल बाहेर, पाण्याचा कॉक बंद. कव्हर काढायचं असो वा नुसती नळी सोडायची असो, या तीन गोष्टी आधी.

नळ सोडला, पण टिक-टिकच नाही

सर्वात जास्त येणारी तक्रार हीच. आणि यात गॅसचा काही संबंध नसतो, कारण साखळी गॅसपर्यंत पोहोचलेलीच नाही. तरी लोक आधी सिलिंडर हलवून बघतात!

पहिलं, सेल. दोन मोठे सेल लागतात, प्रत्येकी १.५ व्होल्टचे. मल्टिमीटर असेल तर मोजा, १.३ च्या खाली आला असेल तर बदला, आणि दोन्ही एकदमच बदला. एक जुना एक नवा घातला की नवा लवकर मरतो. सेलच्या डबीतल्या पत्र्यांवर हिरवट-पांढरा थर आला असेल तर जुन्या टूथब्रशने किंवा बारीक पॉलिश पेपरने घासा. बाथरूमची वाफ तिथे बसतेच. उन्हाळ्यात गिझर वापरत नसाल तर सेल काढून ठेवा, म्हणजे ते आत फुटून गळत नाहीत.

दुसरं, जाळी. थंड पाण्याची नळी गिझरला जिथे जोडली आहे (तिथे बहुधा निळी खूण असते) तो नट पान्याने सोडा. आत छोटी जाळी दिसेल. टाकीतली माती, शेवाळ, पाइपातला गंज सगळं तिथे अडकतं. जाळी काढून ब्रशने धुवा, वायसर तपासा, चपटा झाला असेल तर नवा टाका. हे काम दहा मिनिटांचं आहे. यातच कित्येक गिझर चालू होतात, आणि बाहेरचा माणूस याच कामाचे पैसे घेऊन जातो.

तिसरं, पाण्याचा दाब. गिझरच्या लेबलवर किमान दाब लिहिलेला असतो, बऱ्याच मॉडेलवर ०.०२ ते ०.०३ एमपीएच्या आसपास. एक मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण ०.०१ एमपीए. म्हणजे टाकीतलं पाणी गिझरपेक्षा दोन-तीन मीटर वर पाहिजे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची गोची इथेच होते. गच्चीवरची टाकी डोक्यावर जेमतेम चार फूट, त्यात शॉवरची भोकं क्षाराने बुजलेली. गिझरला बिचाऱ्याला चकती फुगवायलाच ताकद मिळत नाही. शॉवर काढून नुसत्या नळाने बघा. पेटला, तर दोष शॉवरचा.

सेल नवे, जाळी साफ, दाब भरपूर, तरी टिक-टिक नाही? मग डायफ्राम फाटलाय किंवा कडक झालाय, पिन अडकलीय, नाहीतर स्विच गेलाय. डायफ्राम पाण्याच्या बाजूचाच, स्वस्त मिळतो, शेगडी-गिझर दुरुस्तीच्या दुकानात मॉडेल दाखवून घ्यायचा. पण तो बदलताना पाण्याचा व्हॉल्व्ह आणि गॅसचा व्हॉल्व्ह एकमेकांपासून सोडवावा लागतो, आणि पिन ज्या सीलमधून जाते त्याच्या पलीकडे गॅस आहे. म्हणून पहिल्यांदा हे काम कोणाच्या तरी हाताखाली करा. घरच्या घरी प्रयोग म्हणून नको.

टिक-टिक होते, पण पेटत नाही; किंवा पेटून विझतो

टिक-टिक आली म्हणजे पाणी, चकती, स्विच, सेल सगळं काही प्रमाणात ठीक. "काही प्रमाणात" मुद्दाम म्हणतोय. अर्धमेला सेल ठिणगी पाडू शकतो, पण सोलेनॉइड उघडायला त्याची ताकद पुरत नाही. म्हणून इथेही नव्या सेलपासूनच सुरुवात. मग सिलिंडर संपत आलाय का, रेग्युलेटर चालू आहे का, नळीला घडी पडलीय का ते बघा. नवीन सिलिंडर लावला असेल तर नळीत हवा असते, दोन-तीनदा नळ चालू-बंद करावा लागतो. प्रत्येक वेळी मध्ये थोडं थांबा. सलग चालू-बंद करत राहिलात आणि न पेटलेला गॅस साठला, तर पेटताना भडका उडतो.

पेटून पाच-दहा सेकंदांत विझत असेल तर बोट सेन्सरकडे दाखवायचं. कांडीवर काजळी बसली की तिला ज्योत "दिसत" नाही. कांडी घासणं सोपं वाटतं, पण ती आणि ठिणगीची कांडी शेजारी शेजारी असतात आणि त्यांची जागा एखाद-दोन मिलिमीटरने हलली तरी गिझर उशिरा पेटायला लागतो. घासायचीच असेल तर जागेवरच, हलक्या हाताने, वाकू न देता. आणि एक गंमत : वीस मिनिटांनी विझत असेल तर तो बिघाडच नाही. बऱ्याच मॉडेलमध्ये सुरक्षेसाठी वीस मिनिटांचा टायमर असतो. नळ बंद करून परत सोडा. हे माहीत नसल्यामुळे लोक बॉक्स बदलून बसतात.

एक जुगाड मात्र बाजारात सर्रास चालतो आणि त्याच्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. कॉईलवर एक छोटा बटनासारखा थर्मोस्टॅट असतो, पाणी प्रमाणाबाहेर तापलं की गिझर बंद करणारा. गिझर वारंवार बंद पडतोय म्हणून काही कारागीर त्याच्या दोन वायरी काढून एकत्र पिळतात. गिझर लगेच चालू होतो, ग्राहक खूश, कारागीर पैसे घेऊन गेला. पण तो थर्मोस्टॅट का पडत होता? कॉईल चोंदली म्हणून. आता कॉईल तापत राहणार आणि तिला थांबवणारं कोणी नाही. असा पिळलेला जोड कव्हरखाली दिसला तर आधी नवा थर्मोस्टॅट, मगच पुढचं काम.

पाणी कोमट येतं आणि धारही बारीक झाली

आधी समोरची बटणं बघा. उन्हाळा-हिवाळा असा एक नॉब बहुतेक गिझरवर असतो. उन्हाळ्यावर असेल तर अर्धेच बर्नर पेटतात. पाण्याचा नॉब पूर्ण उघडा असेल तर पाणी जास्त वेगाने जातं आणि कमी तापतं. हे सगळं करूनही कोमट, आणि वरून धारही दिवसेंदिवस बारीक, तर कॉईलमध्ये क्षार बसलेत.

बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांत हे ठरलेलंच. पातेल्याच्या तळाला जो पांढरा खडूसारखा थर बसतो, तोच कॉईलच्या आत. उष्णता पाण्यात जायच्या ऐवजी वर निघून जाते, गॅस जास्त जळतो.

क्षार काढायला लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक अॅसिड वापरा. किराणा दुकानात मिळतं. एक लिटर कोमट पाण्याला ५० ग्रॅम, असं दोन लिटर करा. काही जण टॉयलेट साफ करायचं अॅसिड ओततात. काम झटपट होतं हे खरं, पण ते पितळी जोड आणि रबरी सीलही खातं आणि त्याची वाफ छातीत जाते. गिझर सहा महिन्यांनी गळायला लागला की ग्राहक तुम्हालाच फोन करणार.

पद्धत अशी. गॅस, सेल, पाणी बंद. पाण्याच्या दोन्ही नळ्या सोडा, आतलं पाणी बादलीत काढा. गरम पाण्याच्या तोंडाला एक लांब नळी जोडून तिचं दुसरं टोक गिझरपेक्षा वर धरा आणि नरसाळ्याने द्रावण थोडं थोडं ओता. क्षार असतील तर फसफसून फेस वर येईल, म्हणून घाई नको. थंड पाण्याच्या तोंडाखाली बादली असू द्या; तिथून द्रावण ठिबकायला लागलं की कॉईल भरली, ते तोंड बंद करा. वरचं टोक मात्र उघडंच ठेवा, फेसाला आणि हवेला बाहेर पडायला वाट पाहिजे. अर्धा-पाऊण तास ठेवा, सोडून द्या, फेस येत असेल तर पुन्हा एकदा करा. मग नळ्या जोडून भरपूर साधं पाणी सोडा आणि त्यानंतरच सेल आणि गॅस. थर फारच जाड असेल तर कॉईल काढूनच साफ करावी लागते, ते वर्कशॉपचं काम. हातात ग्लोव्ह्ज, आणि या द्रावणाजवळ ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच अजिबात आणू नका; दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

इथे थांबायचं

काही खुणा दिसल्या की दुरुस्तीचा विचार सोडून गिझर बंद ठेवायचा. गॅसचा वास. पेटताना धप्प असा आवाज किंवा भडका. निळ्याऐवजी पिवळी, हलणारी ज्योत. कव्हरच्या वरच्या भागात काळी काजळी.

वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, विजेचं कोणतंही बटण चालू किंवा बंद करायचं नाही, पंख्याचंसुद्धा. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली जमिनीलगत साठतो. बाहेर येऊन १९०६ वर फोन करा; एलपीजी गळतीसाठी हा देशभरातला आपत्कालीन नंबर आहे. नळीच्या जोडावर गळती बघायची तर साबणाचा फेस लावून, काडी पेटवून कधीच नाही. नळी आयएसआय मार्कची, आयएस ९५७३ लिहिलेली सुरक्षा नळी हवी. तिच्यावर वर्ष छापलेलं असतं. पाच वर्षं झाली की बदला. एकाच सिलिंडरला रबरी नळीत टी घालून शेगडी आणि गिझर दोन्ही जोडलेले घराघरात दिसतात. ते चूक आहे. आणि पाइपचा गॅस असेल तर सिलिंडरचा गिझर त्यावर चालवू नका. दोन्हींच्या नोझल वेगळ्या असतात आणि पाइप गॅसच्या जोडणीला कंपनीच्या माणसाशिवाय हात लावायचा नाही.

हवेची बाजू

आपल्या आजीच्या काळातला बंब आठवा. तांब्याचा, खाली लाकडं, मधून वर गेलेली नळी. तो अंगणात नाहीतर मोरीच्या बाहेर असायचा. कोणीही बंब दार लावलेल्या न्हाणीघरात पेटवून आत अंघोळ केली नाही, कारण धूर डोळ्यांना दिसायचा आणि झोंबायचा. गॅस गिझरचा धूर दिसत नाही. पण ज्या गिझरला बाहेर जाणारं धुराडं नाही, तो जळून गेलेला सगळा वायू त्याच खोलीत सोडतो.

हिशोब करून बघू. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला मिनिटाला साधारण १६ ग्रॅम गॅस लागतो. दहा मिनिटांच्या अंघोळीत दीडशे ग्रॅम धरा. एवढा गॅस नीट जळायला सुमारे दोन घनमीटर हवा लागते. आता बाथरूम ४ बाय ६ फूट, उंची ८ फूट. त्यात हवा आहे सगळी मिळून साडेपाच घनमीटर. थंडी म्हणून खिडकीला पुठ्ठा लावलेला. म्हणजे एका माणसाच्या अंघोळीत त्या खोलीतल्या एक तृतीयांशाहून जास्त हवेतला ऑक्सिजन गिझर खातो. पाठोपाठ दुसरा माणूस आत जातो.

ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, तसा याला नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, गरगरतं, मळमळतं, पाय गळतात. माणसाला वाटतं गरम पाण्याने आणि उपाशीपोटी असं झालं. कडी आतून लावलेली. बाहेरच्यांना वाटतं, अंघोळीला जरा वेळ लागतोय.

दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात अशा बातम्या येतात, तरुण, धडधाकट माणसांच्या. गिझर त्यात बंद पडलेला नसतो. तो व्यवस्थित चालू असतो! दुरुस्तीवाल्याच्या भाषेत "ओके"! म्हणून म्हणतो, गिझर पेटला म्हणजे दुरुस्ती झाली असं समजू नका.

आणि याचा सर्व्हिसिंगशी थेट संबंध आहे. कॉईलच्या पंखांमध्ये काजळी आणि धूळ भरली की जळालेला वायू वर निघत नाही, ज्योत गुदमरते, पिवळी होते, आणि मग बऱ्या हवेशीर जागेतही कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. पिवळी ज्योत म्हणजे "थोडी सफाई पाहिजे" एवढंच समजून पुढे ढकलायची गोष्ट नाही.

योग्य जागा एकच, बाथरूमच्या बाहेर. बाल्कनी, मागची ओपन जागा, हवेशीर डक्टची बाजू. सिलिंडरही तिथेच. गरम पाणी पाइपाने आत आणायचं. पाइप लांबला तर थोडं पाणी वाया जातं, गरम यायला वेळ लागतो, ठीक आहे. एक्झॉस्ट फॅन लावलाय म्हणून निर्धास्त राहू नका. दार-खिडकी घट्ट असेल तर फॅन बाहेर काय फेकणार? हवा आत यायलाही जागा लागते. गिझर हलवेपर्यंत एक सवय घराला लावा : दार सताड उघडं ठेवून बादली भरायची, गिझर बंद करायचा, खोलीत हवा खेळू द्यायची, मग दार लावून अंघोळ.

कोणी बेशुद्ध सापडलं तर दार उघडून आधी बाहेर मोकळ्या हवेत आणा, गिझर बंद करा, १०८ ला फोन करा. आत जाणाऱ्यानेही श्वास रोखून पटकन बाहेर यायचं. आणि डॉक्टरांना आवर्जून सांगा की गॅस गिझर चालू होता. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनने भरलेलं वाटतं आणि आकडा चांगला दिसतो.

आता धंद्याचं बोलू

ज्यांना यात उतरायचंय त्यांच्यासाठी. सीझन दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीला संपतो. बाकीचे महिने शेगडी सर्व्हिसिंग आणि नळाची छोटी कामं जोडीला धरावी लागतात. पहिली थंडी कोणत्याही कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये हाताखाली काम करा, पगार कमी असला तरी. गॅसची बाजू तिथेच शिकता येते, आणि तिथल्या ट्रेनिंगशिवाय गॅस व्हॉल्व्ह उघडायचा नाही हे मी आमच्या प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी सांगतो. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते आणि ती मोफत आहे, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

भांडवल फार लागत नाही. पाने, स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, ब्रश, टेफ्लॉन टेप, साबणाच्या पाण्याची स्प्रे बाटली, लिंबूसत्व, नरसाळं-नळी, चार-सहा नवे सेल, जाळ्या, वायसर, ओ-रिंग आणि तुमच्या भागात चालणाऱ्या दोन-तीन मॉडेलचे डायफ्राम. गाडी ज्याची त्याच्याकडे असतेच. एक पोर्टेबल कार्बन मोनॉक्साइड मीटर मात्र सुरुवातीलाच घ्या. ग्राहकासमोर बाथरूममध्ये मीटर धरला आणि आकडा चढला की तुम्हाला भाषण करावं लागत नाही.

नवीन माणूस दरात गडबडतो. समजा, तुम्ही गेलात, दोन सेल बदलले, पाच मिनिटांत गिझर चालू. ग्राहक म्हणतो, "एवढ्याशा कामाचे कसले पैसे?" म्हणून तपासणीचा चार्ज फोनवरच सांगा. "यायचे आणि तपासायचे इतके, पार्ट लागला तर त्याचं बिल वेगळं." सेलमध्ये पैसे लावून वसूल करू नका, लोकांना सेलची किंमत माहीत असते. आणि तपासणी म्हणजे तपासणी : सेल, जाळी, दाब, नळीचं वर्ष, साबण-पाण्याची टेस्ट, ज्योतीचा रंग, खोलीतली हवा. वीस मिनिटं लागतात. तेवढं केलंत की पैसे मागताना आवाज खाली जात नाही.

अडचण येते ती बंद बाथरूममध्ये लावलेल्या गिझरची. ग्राहक म्हणतो, "दादा, आठ वर्षं असाच चालतोय, तुम्ही फक्त चालू करून द्या." माझं मत पक्कं आहे : चालू करून द्यायचा नाही. सभ्य शब्दांत सांगायचं, "काका, माझा तपासणीचा चार्ज द्या, गिझर मी चालू करणार नाही. हलवायचा असेल तर उद्या प्लंबर घेऊन येतो." काही लोक चिडतील, दुसऱ्याला बोलावतील, तो शंभर रुपयांत चालू करून देईल. जाऊ द्या. आमच्या बॅचमधून बाहेर पडलेला एक जण याच कामावर स्थिरावलाय. भिंतीला भोक, आठ-दहा फूट पाइप, गिझर बाल्कनीत. सेल बदलण्याच्या दहा फेऱ्यांत मिळतं ते त्याला एका शिफ्टिंगमध्ये मिळतं, आणि एका सोसायटीत एक गिझर बाहेर आला की शेजारी येऊन विचारतात.

नकार दिला तरी बिल फाडायचं. त्यावर लिहायचं, "गिझर बंद बाथरूममध्ये आहे, हवेची सोय नाही, बाहेर बसवेपर्यंत वापरू नये." तारीख, ग्राहकाची सही, मोबाईलवर फोटो. नवीन गिझर सुचवायची वेळ आली तर आयएस १५५५८ आणि आयएसआय मार्क बघूनच सुचवा. हे एलपीजीवरच्या घरगुती मिनी वॉटर हीटरचं भारतीय मानक आहे.

काम झाल्यावर गिझरच्या बाजूला एक स्टिकर लावा : सर्व्हिसिंगची तारीख, सेल बदलल्याची तारीख, नळीचं वर्ष, तुमचा नंबर. पुढच्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास वहीतून त्या घरांना फोन करायचा, "मावशी, थंडीच्या आधी गिझर तपासून घेऊ का?" डिसेंबरमध्ये सगळ्यांचे फोन एकदम येतात तेव्हा तुम्ही कोणाकडेच वेळेवर पोहोचत नाही, त्यामुळे ऑक्टोबरची ही वीस-पंचवीस घरं आधी उरकून घ्या.